कच्छच्या भूकंपाची वर्दी आठ दिवस आधी का मिळत नाही?

दांडियाबाजारकर: सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘रेडॉन वाढलंय, दहा दिवसांत कच्छमध्ये भूकंप.’ रेडॉन म्हणजे जमिनीतून झिरपणारा वायू. गांधीनगरची आयएसआर ही भूकंप-संशोधन संस्था कच्छमधले बारीक धक्केही टिपते. मग मोठ्याची चाहूल का लागत नाही?

भूस्तर: आधी मेसेज तपासा. नेमकं ठिकाण, तारीख, तीव्रता, यातलं काय दिलंय? कच्छमध्ये बारीक धक्के चालूच असतात, त्यामुळे नुसतं ‘भूकंप होईल’ म्हटलं की ते खरंच ठरतं.

खरी अडचण अशी, की ३ चा आणि ७.७ चा धक्का सुरू होताना आलेखावर जवळपास सारखेच दिसतात. तडा शंभर मीटरवर थांबेल की पुढे धावत सुटेल, हे वाटेतल्या खडकात साठलेल्या ताणावर ठरतं. वीसेक किलोमीटर खोलवरचा तो ताण थेट मोजता येत नाही. एखादा धक्का पूर्वधक्का होता, हेही मोठा येऊन गेल्यावरच कळतं.

विहीरमाप: रेडॉन पावसानं, हवेच्या दाबानं, बोअरच्या उपशानंही बदलतो. एका बोअरच्या आकड्याला काही अर्थ नाही. चीनमध्ये हाइचेंगला १९७५ मध्ये लोक आधी हलवले, ते मुख्यतः पूर्वधक्क्यांची रांग लागली म्हणून. पुढच्याच वर्षी तिथल्याच तांगशानला तशी रांग नव्हती. दोन लाखांवर माणसं गेली. कॅलिफोर्नियात पार्कफील्डला १९९३ च्या आत भूकंप येणार म्हणून यंत्रं पेरून ठेवली. तो आला २००४ मध्ये, आणि इतकी यंत्रं असूनही भरवशाची पूर्वखूण सापडली नाही.

दांडियाबाजारकर: मग फोनवर अलर्ट येतो तो कसला?

भूस्तर: तो भाकीत नव्हे, भूकंप सुरू झाल्यावर निघतो. २००१ च्या ७.७ च्या कच्छ भूकंपाचं केंद्र भचाऊजवळ, आपल्या वडोदऱ्यापासून सुमारे सव्वातीनशे किमी. आधी पोचणारी, सौम्य पी-लहर सेकंदाला ६ किमी धरली तर ५४ सेकंदांत पोचते. जोरानं हलवणारी एस-लहर साडेतीन किमीच्या वेगानं दीड मिनिटानं. केंद्राजवळच्या यंत्रांनी ओळखून अलर्ट काढायला दहा सेकंद गेले, तरी आपल्याला मिनिटभराहून जास्त मिळतं. भचाऊला काहीच नाही.

पण आपल्याला जवळचा धोका नर्मदेच्या पट्ट्याचा. भरूचला २३ मार्च १९७० रोजी ५.४ चा झाला होता. ते अंतर सत्तरेक किमी, म्हणजे एस-लहर वीस सेकंदांत दारात. हाती उरतात दहा. तेवढ्यात भक्कम टेबलाखाली शिरून त्याचा पाय धरता येतो. सातव्या मजल्यावरून जिना उतरता येत नाही. लिफ्टकडे तर वळूच नका.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये सुरक्षा आणि आणीबाणीत भूकंप अलर्ट चालू आहे का बघा, लोकेशन आणि इंटरनेटही लागतं.

विहीरमाप: आणि पलंगाशेजारचं गोदरेजचं कपाट आजच एल-क्लॅम्पनं भिंतीला ठोका. रॉलप्लग विटेत बसवा, नुसत्या गिलाव्यात बसवलेला पहिल्याच हिसक्याला निघतो.