ख्रिसमसचे कौटुंबिक विनोदी सिनेमे पुन्हा पुन्हा का बघावेसे वाटतात?

प्रश्न

डिसेंबर आला की आमच्याकडे 'होम अलोन' लागतोच; घरचे सगळे सुट्टीला पॅरिसला निघताना चुकून घरीच राहिलेला लहानगा केव्हिन चोरांना सापळे लावून पळता भुई थोडी करतो, तो सिनेमा. मुलांना संवाद पाठ आहेत, चोराच्या तोंडावर इस्त्री कधी आदळणार हेही ठाऊक आहे, तरी दरवेळी तितकीच खदाखदा हसतात. मला ती आपटाआपटी थोड्याच वेळात नकोशी होते. पण शेवटी आई घरात शिरते तेव्हा डोळे भरून येतात ते माझेच. साचा तोच, शेवट माहीत असलेला. मग एवढी ओढ कशाची? मनापासून विचारते आहे.

प्रतिसाद १

मी हौशी नाटकं बसवते, त्यामुळे सिनेमा बघतानाही माझं लक्ष आधी पेरणीकडे, म्हणजे पुढच्या घटनांसाठी आधीच पेरून ठेवलेल्या गोष्टींकडे जातं. 'होम अलोन'ची (१९९०) सुरुवात एकदा मुलं झोपल्यावर एकटीने बघा. निघायच्या आदल्या रात्री घर पाहुण्यांनी गच्च भरलंय. पिझ्झ्यावरून भांडण होतं, दूध सांडतं, आणि पुसापुशीच्या घाईत केव्हिनचं विमानाचं तिकीट ओल्या कागदांबरोबर कचऱ्यात जातं. रात्री वाऱ्यात वीज जाते, त्यामुळे गजर होत नाही. सकाळी डोकी मोजताना सामानात नाक खुपसणारा शेजारचा मुलगा मोजला जातो. म्हणजे आकडा बरोबर, तिकीटं बरोबर, आणि पोरगा माळ्यावर झोपलेला! कोणी दुष्ट नाही, कोणी बेफिकीर नाही, नुसती गर्दी आणि घाई. म्हणून तर आपण त्या आईवर चिडत नाही.

आणि चोरांचे हाल होतात ते पार शेवटाकडे. त्याआधी आई पॅरिसहून परत यायला जीव तोडून धडपडत असते. अंगावरचे दागिने देऊ करून तिकीट मिळवते, अमेरिकेतल्या स्क्रँटन शहरात अडकते, आणि मग जॉन कँडी या विनोदी नटाच्या पोल्का (नाचाचं एक संगीत) वाजवणाऱ्या मंडळींच्या ट्रकमध्ये बसते. 'मी वाईट आई आहे' असं तिला वाटत असताना हा भला माणूस तिला धीर द्यायला सांगतो, की आम्हीही एकदा पोराला अंत्यविधीच्या ठिकाणी दिवसभर विसरलो होतो. मुलं चोरांवर हसतात. तुम्ही त्या ट्रकमध्ये बसलेल्या असता. डोळे भरतात ते त्यामुळे.

माझं म्हणणं असं, की या सिनेमांचा खरा नायक बहुतेक वेळा मोठं माणूसच असतं. त्याला २५ तारखेच्या आत आपल्या माणसांसाठी काहीतरी करून दाखवायचं असतं, आणि तारीख काही पुढे ढकलता येत नाही. 'ख्रिसमस व्हेकेशन'मध्ये (१९८९, पटकथा 'होम अलोन' लिहिणाऱ्या जॉन ह्यूजचीच) बाप घरावर २५,००० दिवे लावतो आणि ते लागतच नाहीत. त्यावर सगळे हसतात, हसावंच. पण पुढे तो माळ्यावर अडकतो. थंडी म्हणून तिथल्याच ट्रंकेतले बायकी हातमोजे आणि टोपी चढवतो आणि तशाच अवतारात स्वतःच्या लहानपणीच्या घरगुती फिल्म बघत रडतो. त्या एका प्रवेशात कळतं, की हा सगळा खटाटोप कशासाठी चाललाय. असा प्रवेश ज्या सिनेमात नाही, तो मी पुन्हा लावत नाही; मग त्यात कितीही बर्फ आणि घंटा असोत.

प्रतिसाद २

पहिल्या प्रतिसादाला दुजोरा. 'अ ख्रिसमस स्टोरी'तला (१९८३) बाप आठवा. सिनेमाभर घर तापवणाऱ्या भट्टीवर डाफरणारा माणूस. मुलाला हवी असलेली छऱ्यांची बंदूक त्यानेच लपवलेली असते. पोरगं उघडायला लागल्यावर त्याच्यापेक्षा बापाचाच चेहरा जास्त खुलतो. मी बाप झाल्यापासून तेवढ्यासाठी तो सिनेमा लावतो.

एक भर घालतो. 'होम अलोन'मधून जॉन विल्यम्सचं संगीत काढून टाकलं तर निम्मी ओढ जाईल. चर्चमध्ये तो शेजारचा म्हातारा केव्हिनजवळ येऊन बसतो आणि मुलाशी अबोला असल्याचं सांगतो, तेव्हा मागे मुलांचं गाणं चालू असतं. त्यातच त्याची नात गात असते. नुसत्या संवादांनी तो प्रवेश एवढा लागला नसता.

प्रश्नकर्ती

ट्रकचा प्रवेश काल रात्री पुन्हा पाहिला. इतकी वर्षं मी त्या वेळी उठून स्वयंपाकघरात जात असे! पोरं लहान आहेत, पुढचा कोणता दाखवू?

प्रतिसाद १

'एल्फ' (२००३). 'ख्रिसमस व्हेकेशन' मुलं मोठी होईपर्यंत थांबू दे, त्यातले काही विनोद त्यांच्या वयाचे नाहीत. उत्तर ध्रुवावर सांताच्या बुटक्या मदतनीसांत, म्हणजे एल्फांत, वाढलेला माणूस आपल्या खऱ्या बापाला शोधायला न्यूयॉर्कला येतो, अशी गोष्ट. त्यात विल फेरेल हा नट जराही डोळा न मिचकावता, अगदी मनापासून खेळतो. मुलांना तो लगेच आपला वाटेल. तुम्ही मात्र कामात बुडालेल्या बापावर नजर ठेवा. आणि उत्तर ध्रुवावर तो एवढा अवाढव्य दिसतो ती संगणकाची करामत नव्हे. लहानमोठे सेट आणि कॅमेऱ्यापासूनचं अंतर यांचा मेळ घालून ते साधलंय. नाटकवाल्यांनी तर ते बघायलाच हवं.