एअर रायफल: छर्रे डायमधून काढून एका मापाचे करावेत का?

गोदाकाठ (परभणी)
१० मीटरची पीसीपी (आधीच टाकीत दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल, बॅरल ४.५ मिमी. आधीच्या डब्यातले ४.५० मिमी डोक्याचे (पुढच्या टोकाचा व्यास) छर्रे एकाच भोकात जायचे. त्याच मापाचा नवा डबा उघडला आणि पाच छऱ्यांचा ग्रुप (भोकांचा पुंजका) बाहेरून बाहेर ८ मिमी झाला. व्हर्नियरवर काही ४.४९ भरतात, काही ४.५२. साइझिंग डायमधून (ठरलेल्या मापाचं भोक असलेल्या साच्यातून) दाबून काढून घेऊ का?

लातूरकर१७७
डाय नको दादा. आधी व्हर्नियर बाजूला ठेवा. डिजिटल व्हर्नियरची स्वतःचीच चूक ०.०२ मिमीपर्यंत असते, अन् तुम्ही ०.०१ शोधताय. त्यात शिसं मऊ, जबडा जरा जास्त दाबला की छर्राच चेपतो.

डाय डोक्यासोबत स्कर्टही (छऱ्याचा मागचा पोकळ घेर) आवळते. स्कर्ट पातळ ठेवलेला असतो तो मागून हवेचा दाब आला की फुलून बॅरलच्या आतल्या आट्यांत घट्ट बसावा म्हणून. तो आवळला की हवा बाजूनं निसटते, वेग दर शॉटला बदलतो. शिवाय डाय मोठ्याला लहान करील, ४.४९ वाल्याचं काय?

डब्यावरचा लॉट नंबर (कारखान्यात एकावेळी बनलेल्या मालाचा क्रमांक) बघा. माप तेच असलं तरी लॉट बदलला की छर्रा बदलतो. रायफल व्हाइसमध्ये रबर लावून धरा, प्रत्येक लॉटचे १०-१० छऱ्यांचे तीन ग्रुप काढा. पाचावर निकाल देऊ नका. छर्राच ४.५ चा, म्हणजे ८ मिमीत खरी फाकणी ३.५. ग्रुप अगदी मध्यावर बसला तर सगळे १० च, पण दशांशात गुण मोजले (मधोमध १०.९) तर कडेचा शॉट १०.३ वर येतो.

माळावरचा (बीड)
लॉट बदलायच्या आधी बॅरल पुसा. फेल्ट (नमद्याचा छोटा बोळा) मागून, ब्रीचकडून (छर्रा भरतो त्या टोकानं) घाला. पितळी ब्रश नको. पुसल्यावर पहिले १०-१५ शॉट मोजू नका.

छर्रे काचेवर गडगडवा, स्कर्ट चेपलेला लगेच डुगडुगतो. वजन करायचंच असेल तर ०.५३ ग्रॅमच्या छऱ्याला ०.०१ चा काटा कामाचा नाही, सराफाकडचा मिलिग्रॅमचा पाहिजे. पांढरी पूड धरलेले फेका. हात साबणानं धुतल्याशिवाय चहा-फराळ नको, शिसं आहे ते.

गोदाकाठ (परभणी)
लॉट वेगळाच निघाला. फेल्ट छऱ्यासारखा झाडून पुसायचं हे स्प्रिंग गनलाही (स्प्रिंगनं पिस्टन ढकलून हवा दाबणारी) चालतं का?

माळावरचा (बीड)
नुसता एक फेल्ट झाडू नका. तो हलका, पुढं हवेची उशी तयार होत नाही, पिस्टन जाऊन आदळतो. स्प्रिंगमध्ये दोऱ्यानं ओढूनच पुसा. अन् तेल नको, ते आत पेटतं.