मदत हवी आहे: क जीवनसत्त्वामुळे ईजीसीजीचं (हिरव्या चहातल्या एका पॉलिफेनॉलचं) शोषण वाढलं, हे सिद्ध कसं करू?

अडकलेली: तीनदा प्रयोग केला. पेशींच्या थराच्या वर ईजीसीजीसोबत क जीवनसत्त्व दिलं की थराखालच्या कप्प्यात ईजीसीजी जास्त सापडतं. गाईड म्हणतात, शोषणच वाढलं कशावरून? परवा अहवाल द्यायचाय, लवकर सांगा.

पेशीवाला: पेशी कुठल्या? किती दिवसांच्या? टीईईआर (थर किती घट्ट आहे ते दाखवणारा विद्युतरोध) किती? काहीच माहिती नाही, सांगणार काय?

अडकलेली: कॅको-२च (आतड्याच्या अस्तरासारख्या वाढणाऱ्या पेशी), २१ दिवसांच्या. टीईईआर सुरुवातीला ठीक होता.

रसायनी: शेवटचाही घ्या, थर फाटला असेल तर फटींतून झिरपेल. आणि पेशी न घेता तेच द्रावण ३७ अंशांवर ठेवून बघा. पीएच ७.४ ला ईजीसीजी आपोआप ऑक्सिडाइज होतं, हायड्रोजन पेरॉक्साइडही बनतं. क जीवनसत्त्वाने ही नासाडी कमी होते. वर जास्त उरलं म्हणून खाली जास्त उतरलं असेल, शोषणाचा वेग तोच.

पंपप्रेमी: नासाडीचं काय घेऊन बसलात? पेशी आत आलेलं ईजीसीजी परत वर फेकतात. एमके-५७१ हे रोधक देऊन पेशींचा एमआरपी-२ हा पंप रोखा, फरक दिसेल.

रसायनी: दिसेल, पण मूळ द्रावणच टिकत नसेल तर त्या आकड्याचा अर्थ काय लावणार?

साखरतोड्या: लॅक्टेज एन्झाइम आधी जोडलेलं ग्लुकोज तोडून काढतं, ते विसरू नका.

पेशीवाला: ते क्वेर्सेटिन या दुसऱ्या पॉलिफेनॉलच्या ग्लुकोसाइडचं, म्हणजे साखर जोडलेल्या रूपाचं. ईजीसीजीला साखर नसते, गॅलेट असतं.

शंकेखोर: मी लोहाची गोळी घेते. चहासोबत चालेल का?

पेशीवाला: नको, चहातले पॉलिफेनॉल लोह धरून ठेवतात. बाकी डॉक्टरांना विचारा. इथे विषय वेगळा आहे.

अडकलेली: एक राहिलं. नुसत्या ईजीसीजीचं द्रावण हळूहळू तपकिरी होतं. क जीवनसत्त्व घातलेलं मात्र लगेच गुलाबीचं पिवळं होतं. त्याने काही फरक पडतो?

रसायनी: अहो, हे आधी सांगायचं! तपकिरी रंग म्हणजे ऑक्सिडेशन डोळ्यांसमोर चाललंय. पिवळा म्हणजे द्रावणातलं फिनॉल रेड (पीएचनुसार रंग बदलणारं द्रव्य) सांगतंय की पीएच घसरला. आम्लात ईजीसीजी तसंही जास्त टिकतं, मग श्रेय क जीवनसत्त्वाला द्यायचं की आम्लाला? क जीवनसत्त्वाचं आम्ल नसलेलं रूप, म्हणजे सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट वापरा आणि प्लेटच्या सगळ्या विहिरींचा (खळग्यांचा) पीएच सारखा करा.

पंपप्रेमी: हे मान्य. पीएच आधी, एमके-५७१ नंतर.

अडकलेली: पेशींविना प्लेट आत्ताच लावली. वरच्या कप्प्यातलंही मोजू ना?

रसायनी: वरचं, खालचं आणि पेशींच्या आतलंही. बेरीज सुरुवातीच्या मात्रेपेक्षा कमी भरली तर पेशींनी मिथाइल गट जोडलेली रूपंही शोधा, नुसत्या ईजीसीजीच्या पीकवर (आलेखातल्या शिखरावर) थांबू नका.