सगळे यूडेव्ह नियम इनिट्रॅमएफएसमध्ये कशाला कोंबायचे?

लातूरकर_दालमिल: काल इथं कुणीतरी छातीठोकपणे लिहिलं, 'डिव्हाइसचं नाव पक्कं हवं तर प्रत्येक नियम इनिट्रॅमएफएसमध्ये टाका.' डोकंच फिरलं. यूडेव्ह म्हणजे लिनक्समध्ये डिव्हाइसला नाव आणि परवानग्या देणारा; इनिट्रॅमएफएस म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी इमेज. त्या इवल्याशा इमेजचं काम एकच, रूट, म्हणजे सिस्टम असलेली मुख्य डिस्क, शोधून माउंट करणं (जोडून देणं). नंतर बाकीची सिस्टम उभी करणारा सिस्टमडी ट्रिगर मारून सगळ्या डिव्हाइसच्या अ‍ॅड घटना (डिव्हाइस जोडल्याची सूचना) पुन्हा उठवतो, तेव्हा परवानग्या, सिमलिंक (डिव्हाइसचं पक्कं टोपणनाव) सगळं लागतंच. उलट नियम आत नेला आणि त्यानं बोलावलेली स्क्रिप्ट बाहेरच राहिली, की लॉगमध्ये नुसती बोंब.

नांदेडी_रूट: अन् नेटवर्क कार्ड? ड्रायव्हर तिथंच लोड झाला तर नावही तिथंच ठरतं. कार्डाचं नाव ठरवणारी डॉट लिंक फाइल बदलून, इमेज नव्यानं बांधणारं अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवलं नाही, तर रीबूटनंतर जुनंच नाव. बसा मग सर्व्हरसमोर मॉनिटर जोडून.

परभणी_पाहुणा: कार्डाचं जाऊ द्या. आमच्या वजनकाट्याचा सीएच३४० यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर लाइट गेली-आली की त्याचं पोर्टचं नाव टीटीवाययूएसबी० चं १ होतं. सॉफ्टवेअर जुना पोर्ट धरून बसतं, दारात ट्रॅक्टरची रांग.

लातूरकर_दालमिल: काटा काय रूट डिस्क आहे का? याचा बूटशी संबंध काय? सिमलिंकचा नियम लिहा, संपलं.

परभणी_पाहुणा: तुमच्याकडे लाइट जात नसेल, म्हणून सुचतंय.

लातूरकर_दालमिल: टंचाई आम्हाला शिकवू नका. २०१६ला रेल्वेनं आलेलं पाणी प्यालोय. परभणीचं माहितीये, बनी तो बनी, नाहीतर परभणी.

परभणी_पाहुणा: गावावर जाऊ नका! दोन्ही काट्यांना सारखेच कन्व्हर्टर, सीरियल नंबर कुणालाच नाही. नियमात ओळखायचं कशावरून?

लातूरकर_दालमिल: नियमात केर्नेल्स ही अट टाकून यूएसबी पोर्ट धरा.

परभणी_पाहुणा: पोर्ट धरा म्हणे! झाडू मारणारं पोरगं वायर उपटतं अन् दिसेल त्या भोकात खोचतं.

लातूरकर_दालमिल: मग बाकीच्या भोकांना चिकटपट्टी लावा. यूडेव्ह पोराला वळण लावत नसतो.

नांदेडी_रूट: काटा झाला असेल तर लिंक फाइलचं बोला.

लातूरकर_दालमिल: बरं बाबा. लिंक फाइली आणि डिस्क-एलव्हीएमचे (एलव्हीएम म्हणजे डिस्कचे लवचिक भाग पाडणारी सोय) नियम आत, बाकी बाहेर. स्टँप पेपरवर लिहून देऊ?

नांदेडी_रूट: पेपर राहू द्या, इमेजमध्ये काय आहे ते दाखवणारं एलएसइनिट्रॅमएफएस चालवून बघा. डेबियन लिनक्सचा हुक (इमेज बांधताना फाइली आत नेणारी स्क्रिप्ट) ठरावीक नावांचेच नियम उचलतो. परभणीकरांचा '९९-काटा' नियम वेगळा हुक लिहिल्याशिवाय आत जातच नाही. कालच्या त्या पोस्टवाल्यानंही हे बघितलेलं दिसत नाही.