आशाताईंचे नऊ प्रश्न आणि फाटकाजवळचा अर्धा तास

पांढरं_सोनं:
मंडळी, मागच्या महिन्यात यवतमाळकडे गावी होतो. अंगणात काकू तूर पाखडत होती, बाजूला तिची सासू, आणि आशाताई (गावातल्या आरोग्य स्वयंसेविका) फॉर्म घेऊन आल्या. नैराश्य ओळखायचे ते नऊ प्रश्न, शून्य ते सत्तावीस स्कोअरवाले. झोप लागते का, कामात मन लागतं का वगैरे. काकू सुपातून मान वर न काढता म्हणाली, "मले काय झालं, बरी आहो मी." झालं, सगळीकडे शून्य. मग ताईंना सोडायला म्हणून फाटकापर्यंत गेली आणि अर्धा तास परतच येईना! काय बोलल्या माहीत नाही, पण काकू डोळे पुसत आली आणि रात्री पोटभर जेवली.

माझं म्हणणं, सामुदायिक मानसशास्त्राचं, म्हणजे माणसाच्या मनासोबत त्याच्या गावावर, परिस्थितीवरही काम करणाऱ्या विषयाचं, पुढचं काम हा अर्धा तास वाढवण्याचं आहे. तालुक्याला सायकियाट्रिस्ट मिळेल तेव्हा मिळेल. सरकारचा शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्प 2015 पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत आहे, पण फॉर्मवर त्या अर्ध्या तासाला रकानाच नाही.

कोरडवाहू:
भाऊ राग मानू नका पण हे सगळं थोतांड वाटतं. कापसाला भाव नाही, सावकार दारात, बोंडअळीने पीक खाल्लं, आणि तुम्ही विचारणार "उदास वाटतं का". वाटणारच ना! त्याच्या डोक्यात बिघाड नाहीये, हिशोबात आहे. समुपदेशन हे सरकारला सगळ्यात स्वस्त पडतं म्हणून आवडतं.

ठाणेकर_मावशी:
कोरडवाहू, गंमत म्हणजे हा विषय तुमच्याच भांडणातून जन्मला. 1965 साली अमेरिकेत स्वॅम्पस्कॉटला मानसशास्त्रज्ञ जमले ते हेच म्हणत होते, की माणूस दवाखान्यात येईपर्यंत कशाला थांबायचं, त्याच्या परिस्थितीवर काम करा. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' नावाचं काम झालं, त्यात गावातलेच लोक ऐकून घ्यायचे आणि सोबत सरकारी योजनांचा लाभ मिळवायलाही मदत करायचे. अडलेली पेन्शन सुरू झाली की झोप लागते हो, तेही मानसशास्त्रच.

कोरडवाहू:
पेन्शनचं काम तलाठ्याचं, तो पगार घेतो. त्याला मानसशास्त्र कशाला म्हणायचं?

पांढरं_सोनं:
अमरावतीतल्या 30 गावांत नैराश्यावरचा 'विश्राम' प्रकल्प झाला होता, त्याचे आकडे 2017 मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे 4.3 टक्के होते ते 27.2 टक्क्यांवर गेले, दीड वर्षात. कपाशीचा पट्टाच आहे तो, भाव काय तिथे वेगळा नव्हता.

कोरडवाहू:
वाचलंय मी ते. आधी आणि नंतर मोजलं, तुलनेला दुसरी गावं घेतलीच नव्हती. शिवाय प्रकल्पाचे पैसे संपल्यावर काय? बोर्ड गंजतो आणि गाव तिथंच.

पांढरं_सोनं:
तुलनेचा मुद्दा मान्य. पण म्हणूनच म्हणतोय की बाहेरून आणलेलं टिकत नाही, जे गावात आहेच त्याला बळ द्या. बचत गट आहे, भजनी मंडळ आहे.

ठाणेकर_मावशी:
भजनी मंडळाचं जपून हं. गावात सगळं सगळ्यांना कळतं, ज्या बाईला नवरा मारतो ती त्याच्याच चुलतभावासमोर बोलणार आहे का? समाज म्हणजे नुसता आधार नसतो, जाचही तोच करतो. तुमची काकूसुद्धा सासूसमोर गप्पच बसली ना.

आशाताईचा_लेक:
इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. माझी आई आशा आहे. गरोदर बायका, लसीकरण, टीबी, कुष्ठरोग, सर्वे, वर हे मन. बराचसा मोबदला कामागणिक, तोही उशिरा, 2023 ला संप उगाच नाही झाला. तो फाटकाजवळचा अर्धा तास तुम्हाला गोड वाटतो, पण तो कुणाच्या स्वयंपाकातून जातो? कुणी काही जड सांगितलं की त्या रात्री आई दोनदा उठून पाणी पिते, कुणाशी बोलत नाही, सांगायचं नसतं म्हणते.

कोरडवाहू:
हेच! बिनपगारी डॉक्टर केलंय बाईला.

आशाताईचा_लेक:
थांबा, तुमच्या बाजूनेही नाही मी. हे काम बंद करा म्हटलं तर आईच भांडेल, ती म्हणते दुसरं कोण ऐकतं त्यांचं. धागा वाचून दाखवला तिला आणि विचारलं, काय हवं. आधी म्हणाली वेळेवर पैसे. मग म्हणाली, महिन्यातून एकदा आम्हा आशांना एकत्र बसवा, साहेब नको, मीटिंग नको, आणि रजिस्टर घरी ठेवून येऊ द्या.