मार्चअखेर: ८ टक्के दाखवले की सुटलो?

सत्तरी तालुक्यातला (गोवा) हार्डवेअरवाला
कालची ती पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही. 'छोट्या दुकानदाराने मार्चअखेर घाबरू नये, ४४एडी (१९६१ च्या आयकर कायद्यातलं छोट्या धंद्यांचं कलम) घ्या, विक्रीच्या ८ टक्के नफा दाखवा, वह्या नकोत, स्टॉक मोजायला नको.' मी हेच ऐकून सहा वर्षं चाललो. जुलै २०२१ च्या पुरात दुकानात छातीएवढं पाणी, सिमेंटच्या पिशव्यांचे दगड झाले, स्विचच्या खोक्यांतून चार दिवस चिखल निघत होता. विम्याचा सर्व्हेअर आला, म्हणाला ३१ मार्चचा स्टॉक दाखवा. रिटर्नमध्ये स्टॉकच्या रकान्यात मी अंदाजाने सव्वा लाख टाकलेला, माल होता नऊ लाखांच्या घरात. त्याने सव्वा लाखच धरला. आता ३१ ला रात्री शटर खाली ओढून आम्ही तिघं मोजतो, पाइप किती, पत्रे किती, खिळे किलोवर. असले सल्ले देऊ नका हो लोकांना.

म्हापशाचा किराणावाला
पोस्ट माझीच. तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं, पण पूर काय दरवर्षी येतो? दुकानात मी आणि एक पोरगा, शुक्रवारच्या बाजाराला जेवायला सवड नाही, आणि मी तूरडाळ वजन करत बसू? वर्षाच्या दोन कोटी विक्रीपर्यंत कायद्यानेच सूट दिलीय, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटी. सूट घेणं म्हणजे चोरी नव्हे.

पणजीत अकाउंट लिहिणारा
चोरी कोण म्हणतंय? पण अर्धवट सांगताय. सूट आयकराच्या वह्यांची, जीएसटीत नोंदणी असेल आणि कंपोझिशनमध्ये (ठरावीक दराने कर भरायची योजना) नसाल तर जीएसटीचा स्टॉक-हिशेब ठेवावाच लागतो. ८ टक्के हा किमान आकडा आहे, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्यावर ६, खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. अॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आत भरायचा कर, १५ मार्चलाच पूर्ण भरायचा, ३१ ला जागे झालात तर व्याज. एकदा ४४एडी घेऊन पुढच्या पाच वर्षांत मध्येच सोडलंत तर नंतर पाच वर्षं परत घेता येत नाही. आणि गोव्यात लग्न झालेल्या बहुतेकांना तो सुटसुटीत रिटर्न फॉर्म, आयटीआर-४, चालतच नाही, कारण आयकराचं कलम ५ए. गोव्याची पोर्तुगीज संहिता लागू असेल तर धंद्याचं उत्पन्न नवरा-बायकोत अर्धं अर्धं, दोघांची रिटर्न वेगळी.

म्हापशाचा किराणावाला
ते ५ए मला सांगूच नका. दुकान माझ्या वडिलांचं, पहाटे पाचला मी उठतो, अर्धं उत्पन्न बायकोच्या नावावर का? ती शिक्षिका, तिच्या पगाराला कोणी हात लावत नाही, वर माझं अर्धं तिच्या डोक्यावर, तिचा स्लॅब वाढतो.

मडगावची शिलाईवाली
भाऊ, कारण अर्धं तिचं आहेच म्हणून! लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर १८६७ च्या पोर्तुगीज संहितेने दोघांची मालमत्ता एक, वडिलांकडून आलेलीसुद्धा त्यात. तुम्ही कर वाढला म्हणून ओरडताय, आणि ती शाळेतून आल्यावर गल्ल्यावर कोण बसतं तेही सांगा की. माझ्या नावाने ११ वर्षं रिटर्न जात होतं, मला पत्ता नव्हता. नवरा कागद पुढे करायचा, मी सही करायचे. तो गेल्यावर कपाटात फाइल सापडली, त्यात दरवर्षी माझं उत्पन्न लिहिलेलं, आणि मी दोऱ्याच्या रिळासाठी त्याच्याकडे पैसे मागत होते. ही फाइल हातात घेऊन मी जमिनीवर बसले होते.

मूळचा सावंतवाडीकर, दुकान पेडण्यात
आणि आमचं काय? माझं लग्न सावंतवाडीचं, घरदार तिथलं, ही संहिता मला लागूच नाही. तरी इथल्या एका कर सल्लागाराने 'गोव्यात असंच असतं' म्हणत अर्धं बायकोवर टाकलं. नोटीस मला आली, फरक व्याजासकट मी भरला. दुकान कुठे आहे ते बघू नका, तुम्हाला कुठला कायदा लागतो ते विचारा.

पणजीत अकाउंट लिहिणारा
बरोबर. असं होतं, आमच्याच लोकांकडून होतं. मार्चमध्ये शंभर फायली एकदम येतात, कोणी लग्नाचा दाखला मागत नाही. टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, तोसुद्धा दोघांत वाटायचा असतो, तेही राहतं.

म्हापशाचा किराणावाला
ताईंनी एकदम घरात शिरून बोलायचं कारण नव्हतं. गल्ल्यावर ती बसते, हो, संध्याकाळी रोज. पण सगळे नवरे तसे नसतात.

मडगावची शिलाईवाली
नसतील. मग यंदाचं रिटर्न तिला आधी वाचायला द्या, सही नंतर. एवढंच म्हणतेय.

म्हापशाचा किराणावाला
देतो. आणि स्टॉक मोजतो, पण तुमच्या आरडाओरड्यामुळे नव्हे, विमा माझाही आहे आणि रकान्यात मीसुद्धा अंदाजच टाकलाय. हार्डवेअरवाले, फुटलेल्या गोणीतला तांदूळ, भिजलेला साबण, तो कुठल्या भावाने धरता?

सत्तरीचा हार्डवेअरवाला
खरेदीचा भाव आणि आज विकला तर येईल तो, यातला कमी. गंजलेले पत्रे मी भंगाराच्या भावाने लावतो, वेगळ्या कागदावर, फोटो काढून. शुक्रवार टाळा, रविवारी दुपारी सुरू करा, रात्री दहापर्यंत होतं.