स्पोर्ट्स कार: भरवसा की मजा, घोडं इथेच अडलंय

उनाड स्टीअरिंग

दोन गाड्या चालवून दोन महिने झाले तरी निर्णय होत नाहीये, म्हणून हा धागा.

पहिली लेक्सस एलसी ५००. पाच लिटरचा व्ही८, टर्बो नाही, दहा गिअरची ऑटोमॅटिक. दुसरी पोर्शे ९११ कॅरेरा एस, ९९१ पिढीतली (९११ च्या प्रत्येक पिढीला कंपनीचा असा आकडा असतो) सुरुवातीची, म्हणजे ३.८ लिटरचं बिनटर्बोचं इंजिन आणि सात गिअरची मॅन्युअल. लेक्सस तीन वर्षं जुनी, पोर्शे दहाच्या पुढची. दोन्ही आवाक्यात आहेत, तेव्हा पैशांचा मुद्दा बाजूला ठेवू.

लेक्ससमध्ये बसलो तेव्हा वाटलं, मी म्हातारा होईपर्यंत ही अशीच सुरू होत राहील. पोर्शेने पहिलं वळण घेतलं तेव्हा वाटलं, एवढ्यात कशाला म्हातारं व्हायचं.

याआधी माझ्याकडे एक देखणी युरोपीय दोन-दारी होती, नाव घेत नाही. पहिल्याच वर्षात अकरा आठवडे वर्कशॉपमध्ये. मोठं काही बिघडलं असतं तर निदान सांगायला किस्सा तरी झाला असता. दर वेळी एखादा सेन्सर किंवा एखादं मॉड्यूल, आणि मग पार्टची वाट बघत बसायचं. शेवटी शेवटी बटण दाबलं की माझे कान इंजिनाकडे नसायचेच, डोळे डॅशबोर्डवर असायचे: आज कुठला दिवा?

तर, आधी काय बघायचं? 'दोन्ही घेऊन टाका' म्हणणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

शांत सायलेन्सर

लेक्सस. यात चर्चा कसली?

तुमचं उत्तर तुमच्याच चौथ्या परिच्छेदात आहे. डॅशबोर्डच्या दिव्यांवर डोळे लावून गाडी चालवायची असेल तर त्यात मजा कुठली? लोक समजतात की भरवसा ही वेगळी गोष्ट आणि मजा वेगळी, एक वाढली की दुसरी घटते. हा गैरसमज १९९० मध्येच निकालात निघालाय. होंडाने एनएसएक्स आणली. अख्खी बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, तीन लिटरचं व्ही६, टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे), आठ हजार आरपीएम म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, आणि वापरायला घरातल्या साध्या होंडाइतकी सोपी. विकासाच्या काळात फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर सेन्नाने ती जपानच्या सुझुका ट्रॅकवर चालवली आणि चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, अजून कडक हवी असं सांगितलं. होंडाने ती केलीही. मॅक्लारेन एफ१ या सुपरकारचा कर्ता गॉर्डन मरे स्वतः एनएसएक्स कित्येक वर्षं वापरत होता, आणि एफ१ घडवताना रस्त्यावरच्या वागणुकीसाठी त्याने तीच समोर ठेवली होती. आता त्या माणसाला गाडीतली मजा कळत नव्हती असं कोणी म्हणणार असेल तर माझा पास.

तिसरा गिअर

असहमत, आणि जोरात असहमत.

एनएसएक्सचं सगळं मान्य. पण ती हलकी, मधे इंजिन असलेली, मॅन्युअल गाडी होती. इथे पर्याय म्हणून जी ठेवलीय ती एलसी ५०० एकोणीसशे किलोच्या वर जाते. ९९१ कॅरेरा एस चौदाशेच्या आसपास. पाचशे किलोचा फरक म्हणजे सहा-सात धडधाकट माणसं पाठीवर घेऊन घाट चढण्यासारखं आहे. वजन लपवता येतं, पळवून लावता येत नाही. ब्रेक उशिरा मारून बघा, ते हजेरी लावतंच.

९९१ मध्ये स्टीअरिंग इलेक्ट्रिक झालं म्हणून २०११ मध्ये केवढी रडारड झाली होती, आठवतंय? तरीही त्या गाडीचं पुढचं चाक काय करतंय ते हातांना कळतं. लेक्ससमध्ये हातांना कळतं की चामडं उत्तम आहे.

दुसरं, विश्वासार्हतेचे जे तक्ते लोक नाचवतात त्यात मोजतात काय? फोन जोडला जात नाही ही पण तक्रार आणि गिअरबॉक्स बसला ही पण तक्रार. बऱ्याच याद्यांमध्ये स्क्रीनच्या कुरबुरीच जास्त असतात. स्क्रीन हँग झाली म्हणून वळण घ्यायची मजा कमी होत नाही.

आणि नुसता भरवसाच हवा असेल तर लिफ्टसुद्धा रोज वर-खाली नेते हो.

शांत सायलेन्सर

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की मग कळतं भरवसा म्हणजे काय.

नुसता वाचक

खुर्ची टाकून बसलोय. चालू द्या.

दहा-बाराचा पाना

बरीच वर्षं हात काळे केलेत, म्हणून मधे पडतो. तुम्ही दोघंही 'भरवसा' हा एकच शब्द वापरताय आणि दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. गाडी बिघडते किती, हा एक प्रश्न. बिघडणार कुठे ते आधी माहीत आहे का, हा दुसरा. माझ्या धंद्यात दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

पोर्शेचंच घ्या. ९११ ची ९९१ च्या आधीची ९९६ पिढी आणि ९९७ ची सुरुवातीची गाडी, आणि बॉक्स्टर. त्या इंजिनात क्रँककडून कॅमकडे फिरणं नेणारा एक मधला शाफ्ट असतो, त्याच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग. सील म्हातारं झालं की आतलं ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग कोरडं पडतं, आणि ते फुटलं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. इंजिन खलास, तेही बहुतेकदा काही न सांगता. यावरून अमेरिकेत दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. त्याच काळातल्या ९११ च्या जीटी३ आणि टर्बो या प्रकारांत मात्र दुसरंच इंजिन, त्यात ही भानगड नाही. आणि ९९७ च्या उत्तरार्धात जे नवं इंजिन आलं त्यात तो मधला शाफ्टच काढून टाकला. धागाकर्त्यांच्या ९९१ मध्ये तेच घराणं आहे. म्हणजे 'पोर्शे भरवशाची की नाही' या प्रश्नाला अर्थ नाही. कुठल्या सालची, कुठलं इंजिन, ते बोला.

बीएमडब्ल्यूचा ई४६ एम३. आठ हजारापर्यंत पळणारं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन. सुरुवातीच्या गाड्यांत कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा घोळ निघाला, कंपनीने गाड्या बोलावून बेअरिंग बदलून दिली. मग ई६० एम५ चं व्ही१०, तिथेही रॉड बेअरिंग झिजतात. जाणकार मालक ती ब्रेक पॅडसारखी समजतात: वाट बघायची नाही, वेळेआधी बदलायची. त्या गाड्यांच्या आरपीएम मीटरवर छोटे दिवे असतात. इंजिन थंड असताना ते खालच्या आकड्यापासूनच पेटलेले असतात, ऑइल तापत जाईल तसे एकेक विझतात आणि मर्यादा वर सरकते. कंपनी तुम्हाला डोळ्यांसमोर सांगतेय की बाबा, अजून थांब. तरी लोक पहिल्या मिनिटाला पिळतात आणि मग म्हणतात जर्मन गाडी नाजूक.

फेरारी ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायचा तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. ३६० मध्ये सीटमागचं झाकण काढून काम होतं. एफ४३० मध्ये बेल्ट जाऊन चेन आली. चालवायला तिन्ही नवसाच्या, पण सांभाळायला तीन वेगळ्या गाड्या. हे घेण्याआधी विचारायचं असतं, नंतर नव्हे.

आता उलट बाजू. २०१४ मध्ये नव्याकोऱ्या ९११ जीटी३ च्या दोन गाड्या युरोपात पेटल्या. कनेक्टिंग रॉडचा स्क्रू सैल व्हायचा, क्रँककेस फुटायचं, ऑइल सांडून भडका. पोर्शेने मालकांना गाड्या चालवू नका म्हणून सांगितलं आणि सगळ्या ७८५ गाड्यांची इंजिनं बदलली. नवीन गाडी, नामांकित घराणं, वॉरंटीत, आणि तरी हे. त्यानंतर त्याच गाड्या लोक बिनधास्त ट्रॅकवर नेताना दिसले.

तेव्हा भिऊ नका, पण डोळे झाकूनही घेऊ नका.

क्लचवाली

पानादादा, माहिती एक नंबर. निष्कर्ष पटला नाही.

बिघाड 'माहीत असलेला' आहे हे तुमच्यासाठी सुख आहे, कारण पाना तुमच्या हातात आहे. माझ्यासारखीला माहीत असलेला बिघाड म्हणजे तारीख न सांगता येणारा पाहुणा. मी सहा वर्षं एक इटालियन गाडी वापरली. रस्त्यात बंद अशी ती फक्त दोनदा पडली, सहा वर्षांत दोनदा, म्हणजे म्हटलं तर काहीच नाही. पण त्या दोन वेळांनी उरलेल्या सगळ्या वेळा नासवल्या. लांब जायचं ठरलं की मी दुसरी गाडी काढायचे. उजाडायच्या आत निघायचं असेल तरी दुसरीच. पावसात तर नाहीच नाही. हळूहळू ती फक्त छान हवेतल्या रविवारी अर्ध्या तासाची गाडी झाली. तिसरा गिअर म्हणतात तशी मजा तिच्यात शंभर टक्के होती, मी ती घेतली किती?

त्यामुळे मी हिशोब वेगळा करते. एका तासात किती मजा, हे चाचणी ड्राइव्हमध्ये कळतं. वर्षात असे तास किती, हे कळत नाही, आणि तिथेच लेक्सस पुढे जाते.

तिसरा गिअर

क्लचवाली, गुणाकार बरोबर, पण एक संख्या तुम्ही गृहीत धरलीत. गाडी भरवशाची म्हणजे माणूस ती जास्त चालवेलच, हे कुणी सांगितलं? माझ्या ओळखीत एकाने नेमकी असलीच 'कधीच बिघडणार नाही' गाडी घेतली. सहा महिन्यांत कंटाळा. मग ती कव्हरखाली. उभी राहून बॅटरी मेली, ब्रेक डिस्क गंजल्या, सगळीकडची रबरी सीलं कडक झाली. टायर दिसायला नवे, पण कडेवरचे चार आकडे वाचले तर आठवडा आणि साल बघून घाम फुटेल. भरवशाच्या म्हशीला टोणगा!

गाडीला रस्त्यावर ओढून नेतं ते तुमचं मन. मन नसेल तर चावी हुकलाच टांगलेली राहते.

शांत सायलेन्सर

म्हणजे तुमच्या मित्राला कंटाळा आला, आणि शिक्षा गाडीला? बरं.

बाकी कंटाळवाणेपणा हा जपानी भरवशाचा गुण नव्हे, तो निवडणाऱ्याचा दोष. लेक्सस एलएफए विसरलात का? यामाहाबरोबर बनवलेलं ४.८ लिटरचं व्ही१०, नऊ हजार आरपीएम. रिकाम्या गिअरवर ते इंजिन ०.६ सेकंदात तिथवर पोचायचं, काट्याच्या मीटरला तो वेग झेपेना म्हणून डिजिटल मीटर बसवावं लागलं.

तिसरा गिअर

आणि बनवल्या किती? पाचशे. धाग्यात पर्याय एलसी आहे, एलएफए नाही. मावशीच्या मुलीचं स्थळ सांगून आत्याच्या मुलीचं लग्न ठरवू नका.

खडखडाट

तुम्ही दोघं भांडा, मी तिसरं टाकतो. लोटस इव्होरा. चॅसिस लोटसची, व्ही६ टोयोटाचं. इंजिन चुलत्याकडून उसनं, पाय मात्र स्वतःचे. २००९ पासून लोक चालवतायत आणि इंजिनाच्या नावाने फारसं कोणी रडत नाही. आतली ट्रिम आवाज करते, पण माझं नावच बघा, मला चालतं.

उलट टोयोटाने २०१९ मध्ये सुप्रा आणली ती बीएमडब्ल्यूचं इंजिन घालून, आणि ज्यांनी आयुष्यभर 'टोयोटा म्हणजे भरवसा' म्हटलं त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते इंजिन दणकट निघालं ही अजून वेगळी पंचाईत. बिल्ला बघून भरवसा ठरवणाऱ्यांनी कुठे जायचं?

उनाड स्टीअरिंग

सगळ्यांचे आभार. क्लचवालींचा प्रतिसाद वाचून दोन दिवस गप्प बसलो होतो. 'दुसरी गाडी काढायचे' हे माझंच होतं.

पण पानादादांनी लिहिल्यावर पोर्शेची नीट तपासणी करून घेतली. कागद असा आहे: वॉटर पंप मागच्या मालकाने बदललेला, ऑइल दर वर्षी बदलल्याच्या नोंदी, किलोमीटर कमी नाहीत पण सलग आहेत. ओव्हर-रेव्हच्या नोंदीत (इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं ते गाडीचा कंप्युटर सहा टप्प्यांत लिहितो) पहिल्या तीन टप्प्यांत आकडे, चौथा-पाचवा-सहावा शून्य. याचा अर्थ चांगला ना?

दहा-बाराचा पाना

चांगला. मॅन्युअल गाडीत हा कागद बघितल्याशिवाय हात मिळवायचा नाही. वर जाताना इंजिन मर्यादा ओलांडू लागलं तर कंप्युटर इंधन तोडतो. पण पाचव्यातून चौथ्यात जाण्याऐवजी दुसऱ्यात टाकलात तर चाकंच इंजिनाला फरफटत वर नेतात, तिथे कंप्युटर काही करू शकत नाही. फक्त लिहून ठेवतो. वरचे टप्पे शून्य म्हणजे तशी चूक कुणी केलेली नाही. पहिल्या टप्प्यांतले आकडे म्हणजे मालकाने गाडी मनापासून चालवली, ते मला उलट आवडतं.

सलग किलोमीटर हेही उत्तम. दहा वर्षांत जेमतेम धावलेल्या गाडीपेक्षा ही बरी.

एक राहिलं. ऑइलचा नमुना लॅबला पाठवा. शिसं आणि तांबं वाढलेलं दिसलं तर बेअरिंगकडे संशय. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम वाढलं तर सिलिंडर-पिस्टनकडे बघायचं. एका नमुन्यावर छातीठोक बोलता येत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

शांत सायलेन्सर

बघा, एक गाडी घेण्याआधी रक्त तपासायला पाठवावं लागतंय. दुसरीला फक्त 'चला' म्हणायचंय. मी माझं म्हणणं इथेच ठेवतो.

क्लचवाली

मी अजूनही लेक्ससच म्हणते. पण पोर्शे घेतलीत तर एक करा, पहिल्याच महिन्यात तिला मुद्दाम पावसात लांब घेऊन जा. मी ते कधी केलं नाही.

उनाड स्टीअरिंग

नमुना काल पाठवला. अहवाल आला की इथे टाकतो. लेक्ससवाल्याला अजून नाही म्हटलेलं नाही.